हाऊजीतले शब्द कोणी नीट समजावून सांगेल का? कोजागिरीला नंबर मी काढणार आहे

इंदिरानगरवाली

नमस्कार सगळ्यांना. आमच्या सोसायटीत यंदा कोजागिरीला गच्चीवर मसाला दूध आणि त्याआधी तंबोला, म्हणजे हाऊजीच (पिशवीतून निघालेला नंबर आपल्या तिकिटावर असेल तर कापायचा), असं ठरलंय आणि नंबर काढायचं काम कमिटीने माझ्याकडे दिलंय. काम मला मनापासून आवडलंय पण मी आजपर्यंत फक्त तिकीट घेऊन खेळलेय, पुढे उभं राहून खेळ चालवायचा तर सगळे शब्द पक्के पाहिजेत ना. मागे हळदीकुंकवाला एकीने टेंपरेचर म्हणून हात वर केला तर निम्म्या बायकांना कळेचना की हे बक्षीस कधी ठरलं, नव्याने राहायला आलेल्या दोघीतिघींनी तर तिकीट बाजूला ठेवलं आणि मोबाईल बघत बसल्या. यावेळी तसं व्हायला नको असं मला फार वाटतंय, पहिल्यांदा खेळणाऱ्यालाही शेवटपर्यंत मजा आली पाहिजे.

तर सांगा प्लीज. जल्दी पाच, कॉर्नर, टेंपरेचर, ब्रेकफास्ट लंच डिनर, स्टार, बोगी हे सगळं नेमकं काय? कॉर्नरच्या घरात नंबरच नसेल तर मग कॉर्नर कुठला धरायचा? माझी नणंद अमेरिकेत असते, ती म्हणते तिकडे बिंगोमध्ये "बी सेव्हन" असं ओरडतात, तो हाच खेळ की वेगळा? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे खेळायला आज्या पण आहेत आणि इंग्लिश मीडियमची पोरं पण, मग नंबर मराठीत सांगू का इंग्लिशमध्ये?

गंगापूररोडचे काका

ताई आमच्याकडे गणपतीत दरवर्षी असतो हा खेळ, बरीच वर्षं मीच नंबर काढतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तिकीट समजून घ्या म्हणजे बाकीचे शब्द आपोआप समजतात. तिकिटावर आडव्या ३ ओळी आणि उभे ९ रकाने, म्हणजे २७ घरं, त्यातली १५ भरलेली आणि १२ रिकामी. प्रत्येक आडव्या ओळीत बरोबर ५ नंबर. उभ्या रकान्यांचं पण ठरलेलं असतं, पहिल्यात १ ते ९, दुसऱ्यात १० ते १९, तिसऱ्यात २० ते २९ असं करत शेवटच्यात ८० ते ९०. हे नवीन माणसाला सुरुवातीलाच सांगा कारण त्याला हे माहीत नसतं, तो ६२ पुकारला की सगळं तिकीट वरून खाली चाळत बसतो आणि तेवढ्यात पुढचा नंबर येतो. सातव्याच रकान्यात बघायचं हे एकदा कळलं की म्हातारी माणसंसुद्धा झपाझप कापतात.

आता एक तिकीट धरा. वरची ओळ ४, २३, ४१, ६२, ८१. मधली ओळ १२, ३६, ५५, ७४, ८८. खालची ओळ ९, १७, ३९, ४७, ७८.

जल्दी पाच म्हणजे या पंधरातले कुठलेही पाच नंबर सगळ्यांच्या आधी ज्याचे कापले जातील तो, ओळीत असायची गरज नाही. याला काही ठिकाणी अर्ली फाइव्ह म्हणतात, काही जण जल्दी सात ठेवतात. टॉप लाइन, मिडल लाइन, बॉटम लाइन म्हणजे ती ती पूर्ण ओळ. फुल हाऊस म्हणजे पंधराच्या पंधरा. लोक जास्त असतील तर दुसरं आणि तिसरं हाऊस पण ठेवतात, पहिलं गेल्यावर नंबर काढायचे थांबवायचे नाहीत, चालूच ठेवायचे.

कॉर्नरचं तुम्ही बरोबर विचारलंत, सगळ्यात जास्त वाद इथेच होतो. कॉर्नर म्हणजे तिकिटाचा कागदी कोपरा नाही, वरच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा नंबर आणि खालच्या ओळीतला पहिला आणि शेवटचा नंबर, मग ते मधल्या कुठल्या का घरात असेनात. आपल्या तिकिटावर ४, ८१, ९, ७८ हे चार कॉर्नर. बघा, खालच्या उजव्या कोपऱ्याचं घर रिकामं आहे तरी ७८ कॉर्नरच. स्टार म्हणजे हे चार कॉर्नर आणि मधल्या ओळीतला मधला, म्हणजे तिसरा नंबर, इथे ५५. टेंपरेचर म्हणजे तिकिटावरचा सगळ्यात लहान आणि सगळ्यात मोठा असे दोनच नंबर, इथे ४ आणि ८८. हे कधीकधी फार लवकर जातं म्हणून याला बक्षीस छोटं ठेवा. ब्रेकफास्ट म्हणजे पहिल्या तीन उभ्या रकान्यातले सगळे नंबर, इथे ४, ९, १२, १७, २३, लंच मधल्या तिनातले आणि डिनर शेवटच्या तिनातले. इथे योगायोगाने पाच पाच आलेत पण प्रत्येक तिकिटावर तसे येत नाहीत, कोणाच्या ब्रेकफास्टमध्ये चार असतील, कोणाच्या सहा, त्यामुळे कोणी कुरकुर केली तर तो नशिबाचा भाग म्हणून सोडून द्यायला सांगा.

यातलं जल्दी पाच, तीन लाइनी, कॉर्नर आणि फुल हाऊस एवढंच जवळपास सगळीकडे सारखं असतं. बाकी स्टार, टेंपरेचर वगैरे ही ज्याच्या त्याच्या ग्रुपची भर असते आणि एकाच नावाचा अर्थ दोन सोसायट्यांत वेगळा निघतो. म्हणून माझं ठाम मत आहे की पहिला नंबर काढायच्या आधी पाच मिनिटं घ्या, एक तिकीट मोठ्या चार्ट पेपरवर काढा, भिंतीला लावा आणि स्केचपेनने दाखवत दाखवत प्रत्येक बक्षीस समजवा. ज्यांना येतं ते घाई करतील, करू देत. नवीन माणूस एकदा गोंधळला की पुढच्या वेळी येतच नाही.

सिडको_मनीषा

काकांनी मस्त सांगितलं. बोगी राहिलं, ते मी सांगते.

बोगी म्हणजे खोटा किंवा चुकीचा क्लेम. कोणी टॉप लाइन म्हणून ओरडलं आणि तपासल्यावर एखादा नंबर अजून आलेलाच नाही असं निघालं की ते तिकीट बोगी, त्या तिकिटावर त्या डावात पुढे काही मिळत नाही. आमच्याकडे लहान मुलांना आणि पहिल्यांदा खेळणाऱ्यांना एक बोगी माफ असते, तुम्ही पण तसं ठेवा, कारण पोरं उत्साहात ओरडतात आणि तिकीट बाद केलं की रडारड.

दुसरा नियम याच्यापेक्षा महत्त्वाचा. क्लेम शेवटच्या निघालेल्या नंबरवरच करायचा. म्हणजे तुमची ओळ ४७ ला पूर्ण झाली, तुमचं लक्ष नव्हतं, पुढचा नंबर पुकारला गेला आणि मग तुम्हाला आठवलं, तर गेलं. ऐकायला कडक वाटतं पण हा नियम नसेल तर दहा नंबर आधीचे क्लेम उकरत बसावं लागतं. एकाच नंबरवर दोघांनी हात वर केला तर बक्षीस वाटून. वस्तू असेल तर वाटायची कशी, म्हणून प्रत्येक प्रकारात एक जादा छोटी वस्तू जवळ ठेवा, निदान जल्दी पाच आणि कॉर्नरला तरी, तिथे हमखास दोघंतिघं एकदम उठतात.

आणि तपासताना तिकीट हातात घेऊन क्लेमचे नंबर मोठ्याने वाचा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, आणि समोर बोर्डवर किंवा वहीत निघालेले नंबर मांडलेले असू द्या. मनातल्या मनात तपासून "बरोबर आहे" म्हटलं की मागे कुजबुज सुरू होते.

मूळ_पंचवटीचा

मी सध्या इंग्लंडमध्ये आहे, आणि त्याआधी अमेरिकेत होतो, दोन्हीकडे बिंगो बघितलाय म्हणून नणंदेच्या प्रश्नाचं उत्तर देतो.

आपला तंबोला म्हणजे ब्रिटिशांचा ९० नंबरचा बिंगो, तिकीट अगदी हेच. अमेरिकेतला वेगळा आहे, तिथे नंबर ७५ च असतात आणि कार्ड ५ बाय ५ चं चौकोनी, वर बी, आय, एन, जी, ओ अशी पाच अक्षरं. बीच्या खाली १ ते १५, आयच्या खाली १६ ते ३०, एनखाली ३१ ते ४५, जीखाली ४६ ते ६०, ओखाली ६१ ते ७५. म्हणून पुकारणारा "बी सेव्हन" म्हणतो, म्हणजे ऐकणाऱ्याला लगेच कळतं की पहिल्याच रकान्यात बघायचं. बरोबर मधल्या घराला फ्री स्पेस म्हणतात, ते सुरुवातीपासूनच कापलेलं धरतात, त्यामुळे प्रत्यक्षात नंबर २४ च. आडवी, उभी किंवा तिरकी कुठलीही एक ओळ झाली की "बिंगो" ओरडायचं. फ्री स्पेस न वापरता ओळ केली तर तिला हार्ड वे म्हणतात. कुठल्याही एका कोपऱ्यातल्या लागून असलेल्या चार घरांचा चौकोन म्हणजे पोस्टेज स्टॅम्प, आणि पूर्ण कार्ड म्हणजे ब्लॅकआउट किंवा कव्हरऑल, म्हणजे आपलं फुल हाऊस. मुख्य खेळाच्या आधी जे छोटे डाव होतात ते अर्ली बर्ड. आपल्या जल्दी पाचशी त्याचा काही संबंध नाही, नावावरून लोकांचा घोळ होतो.

इंग्लंडमध्ये बक्षिसं तीनच, वन लाइन, टू लाइन्स, फुल हाऊस. टू लाइन्स म्हणजे एकाच तिकिटावरच्या कुठल्याही दोन ओळी. नंबर कापायला जाड शाईचं पेन असतं त्याला डॅबर म्हणतात, अमेरिकेत डॉबर. नंबर पुकारणारा तो कॉलर, इकडे ते शिकून येणारं काम आहे आणि चांगल्या कॉलरला मान असतो.

इकडच्या कॉलरची नंबरांची टोपणनावं ऐकायला मजा येते. २२ म्हणजे टू लिटल डक्स, कारण दोन आकडे बदकासारखे दिसतात, आणि ते म्हटलं की सगळा हॉल क्वॅक क्वॅक करतो. ११ ला लेग्ज इलेव्हन, त्यावर शिट्ट्या. २१ म्हणजे की ऑफ द डोअर, पूर्वी एकविसाव्या वर्षी पोराला घराची किल्ली मिळायची म्हणून. १० ला तेव्हाच्या पंतप्रधानाचं नाव घेऊन त्याची गुहा म्हणतात कारण त्यांचं घर १० नंबरचं, त्यामुळे पंतप्रधान बदलला की नाव बदलतं. ९ म्हणजे डॉक्टर्स ऑर्डर्स, सैन्यातले डॉक्टर पूर्वी नऊ नंबरची गोळी द्यायचे त्यावरून. ४५ हाफवे देअर, ९० टॉप ऑफ द शॉप. ८८ चं एक जुनं नाव आहे ते बायकांच्या अंगकाठीवरून आहे, ते आपल्याकडे अजिबात वापरू नका, इकडेही आता बरेच जण टाळतात.

नाशिकरोड_शिक्षिका

ताई तुमच्या शेवटच्या प्रश्नावर मला लिहायचंय कारण वर्गात मी हे रोज बघते.

नंबर नुसता मराठीत किंवा नुसता इंग्लिशमध्ये सांगू नका. मराठीत एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे सगळे पोरांना अर्धेच ऐकू येतात, एकोणसत्तरमधलं सत्तर ऐकलं की ते ७० कापून मोकळे. सदुसष्ट आणि अडुसष्टला तर ती सरळ आईच्या तोंडाकडे बघतात. सत्त्याहत्तर आणि सत्त्याऐंशी माईकवरून मोठ्या माणसांनाही एकच वाटतं. इंग्लिशचंही तेच, थर्टीन आणि थर्टी, फिफ्टीन आणि फिफ्टी, गच्चीवर वारा असेल तर शेवटचा न कुठे ऐकू येतोय. मराठी आकड्यांची ही अडचण बालभारतीलाही जाणवली होती, २०१९ ला दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात वीस एक, वीस दोन असं वाचायची पद्धत आणली तेव्हा केवढा वाद झाला होता आठवत असेल. मला स्वतःला सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तर हे शब्द जायला नको असंच वाटतं, ते कानावर पडत राहिले पाहिजेत, आणि हाऊजीसारखी त्याला दुसरी चांगली जागा नाही, पोरं बक्षिसासाठी कान देऊन ऐकतात.

तर क्रम असा ठेवा. आधी आकडे सुटे, मग मराठी, मग इंग्लिश. "सहा नऊ, एकोणसत्तर, सिक्स्टी नाइन." एकेरी असेल तर "नुसता सात, सेव्हन". दोनदा म्हणा, घाई करू नका. पहिल्या दहा नंबरात हळू जा, मग लोकांचा हात बसला की वेग वाढवा.

टोपणनावं जरूर ठेवा पण आपली ठेवा ना, बदकं आणि किल्ल्या कशाला. आम्ही शाळेच्या स्नेहसंमेलनानंतर शिक्षकांमध्ये खेळतो तेव्हा ५ ला पंचवटी म्हणतो, ७ ला सप्तशृंगी, १२ ला सिंहस्थ कारण बारा वर्षांनी येतो, १५ ला आपली नाशिकची पासिंग (गाडीच्या नंबरातलं एमएच १५) आणि ४१ ला मालेगाव पासिंग. १५ पुकारलं की सगळे एका सुरात "एमएच" म्हणून ओरडतात. ३२ बत्तीशी, ३६ भांडण, ४० चष्मा, ४७ स्वातंत्र्य, ५२ पत्त्यांचा कॅट, ५६ भोग, ६४ कला, ७५ अमृत महोत्सव, ८३ कपिलचा वर्ल्ड कप, ९० गच्ची. आज्यांना ६४ आणि ५६ लगेच कळतं, पोरांना ८३ आणि पासिंग कळतं, आणि मग आजी नातवाला विचारते नातू आजीला विचारतो, तो डाव सगळ्यात छान होतो.

फक्त दोन पथ्यं पाळा. नाव नंबरच्या नंतर म्हणायचं, नंबरच्या ऐवजी नाही, नाहीतर नवीन माणूस तिथेच अडकतो. आणि ज्या नावात दुसराच आकडा येतो ते घ्यायचं नाही, २२ ला दोन बदकं म्हटलं तर कोणीतरी २ कापणारच.

इंदिरानगरवाली

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, मनापासून धन्यवाद! पासिंगचं तर मी घेतेच आहे, आमच्या बिल्डिंगमधली पोरं वेडी होतील. चार्ट पेपर उद्याच आणते.

अजून एक दोन गोष्टी विचारते. घरटी दीड तिकीट धरलं तरी साठेक तिकिटं होतील. एक डाव किती वेळ चालतो? दूध आटवायला कधी ठेवायचं ते त्यावर ठरेल. आणि तिकिटं पानावर सहा सहा छापलेली मिळतात ती सुटी करून वाटायची का तशीच? कमिटीतले एक जण म्हणतायत तिकिटाला पन्नास रुपये लावू आणि जमलेले पैसे रोखच बक्षीस देऊ, ते मला पटत नाहीये पण काय सांगू कळत नाही.

गंगापूररोडचे काका

साठ तिकिटं असतील तर पहिलं फुल हाऊस बहुतेक वेळा ६५ ते ७५ नंबर निघाल्यावर जातं. त्याच्या फार आधी गेलं तर तिकीट नीट तपासा. एका नंबरला दहाबारा सेकंद आणि मधली तपासणी धरली तर वीस पंचवीस मिनिटं. दूध डावाच्या सुरुवातीलाच मंद आचेवर ठेवा आणि ढवळायला ज्याला खेळायचं नाही असा माणूस बसवा.

सहाच्या पानाला फुल शीट म्हणतात. नीट छापलेल्या शीटवर १ ते ९० सगळे नंबर एकेकदाच असतात, सहा पंधरे नव्वद, म्हणजे ज्याच्याकडे अख्खी शीट आहे त्याचा प्रत्येक नंबर कुठल्या ना कुठल्या तिकिटावर कापला जाणारच. खेळायला मजा येते पण सहा तिकिटं एकदम सांभाळणं नवीन माणसाला जमत नाही. तीन तिकिटं म्हणजे हाफ शीट. काही क्लबात शीट बोनस पण असतो, शीटवरच्या प्रत्येक तिकिटावर ठरलेले दोन तीन नंबर कापले गेले की तो मिळतो. तुम्ही ते ठेवू नका, सुटी करून घरटी एक किंवा दोन द्या, कोणाकडे सहा आणि कोणाकडे एक असं झालं की एक वाल्याचा रस जातो. मेन रोडच्या बाजूला स्टेशनरीच्या होलसेल दुकानात तिकिटांचं पुस्तक मिळेल, पिशवीतल्या सोंगट्या पण तिथेच घ्या आणि घेतल्या घेतल्या १ ते ९० मोजून घ्या, एखादी हरवलेली असली तर फुल हाऊस अडकून बसतं. ६ आणि ९ च्या सोंगटीला खाली रेघ आहे ना तेही बघा, ६६, ६८, ८६, ८९, ९८ असली भानगड नको. ९८ तर नसतोच आपल्यात, ८६ उलटा धरला की कोणीतरी तो पुकारतं.

सिडको_मनीषा

पैशाचं तुमचं म्हणणं बरोबर आहे ताई, ठाम राहा. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा अजून आहे, पैसे लावून रोख जिंकायचा खेळ गच्चीवर कशाला. ऑनलाइन पैशाच्या गेमवर तर केंद्राने २०२५ ला कायदाच केला. कोजागिरीच्या वर्गणीतूनच बक्षिसं आणा आणि तिकीट फुकट वाटा. भांडी बाजारात पितळेचं आणि स्टीलचं काय काय मिळतं, फुल हाऊसला छोटा पितळी डबा, लाइनींना वाट्या, जल्दी पाचला चिवड्याचं पाकीट, पोरांसाठी स्केचपेन. कमिटीतल्या त्या काकांना बक्षिसं निवडायला बरोबर घेऊन जा, मग ते पैशाचं नाव काढणार नाहीत.

इंदिरानगरवाली

रविवारी त्यांना घेऊनच भांडी बाजारात जाते. आणि सोंगट्यांची पिशवी आमच्याकडे आहे जुनी, आत्ताच मोजल्या, ३४ नाहीये. नवीन घेते.